काजूचा चीक, शंभर पाण्यांचं तूप

दवाखान्याची पायरी अजून ओलीच आहे. चार दिवस धो धो कोसळून आज सकाळी ऊन पडलंय आणि गणपतीची चवथ आठवड्यावर आलीय, त्यामुळे वेंगुर्ला तालुक्यातल्या या बाजाराच्या गावात पाय ठेवायला जागा नाही. रस्त्याच्या पलीकडे गणपतीवरच्या माटवीला बांधायची कवंडळं आणि शेरवडं मांडून बसलेल्या बायका आहेत. अलीकडे, वैद्यबाईंच्या व्हरांड्यातल्या बाकावर, हात लपवून बसलेल्या. एकीने ते पदरात गुंडाळलेत, दुसरीने पिशवीखाली दडवलेत. पायाला भेगा पडल्या तर माणूस त्या चारचौघांत दाखवतो. हाताला इसब झाला की तोच माणूस तीर्थ घ्यायलाही हात पुढे करत नाही.

मी आत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलोय. बाईंनी एकच अट घातलीय: काय लिहायचं ते लिहा, मधे बोलायचं नाही.

पहिली बाई पस्तिशीची असेल. टेबलावर दोन्ही तळवे उताणे ठेवते आणि मान वळवून भिंतीकडे बघते. उजव्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं कातडं काळपट पडून पापुद्र्यापापुद्र्याने सुटलंय. अंगठ्याच्या पेरावर उभी भेग आहे, खोल, आणि तिच्या तळाशी बसलेला काळा रंग धुऊन जाणारा नाही. डाव्या हाताचं दुखणं वेगळं. तिथे बोटांच्या कडांना कातडीखाली साबुदाणे पेरल्यासारख्या पुटकुळ्या आहेत, काही फुटल्यात आणि त्यांतून लस येतेय. कांकणं तिने पार कोपरापर्यंत वर सारलीयत.

बाई नाव लिहितात, वय लिहितात आणि पहिला प्रश्न विचारतात, "कापतंस की सोलतंस?"

"कापतंय."

काजूच्या कारखान्यातली ही दोन वेगळी कामं. बी वाफेवर शिजवतात, गार करतात, मग ती कापायच्या मशीनवर येते. पायाने दांडा दाबायचा, पात्यांत टरफल फुटतं आणि बोटांनी, टोच्याने आतला गर सुटा करायचा. टरफलाच्या दोन थरांमधे जाळी असते आणि त्या जाळीत तपकिरी, दाट चीक. अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल ही त्यातली जहाल द्रव्यं. शिजवल्याने बी कापायला सोपी होते, चीक काही सगळा जात नाही. तो कातडीला भाजतो आणि रोज लागत राहिला की काहींच्या अंगाला त्याची अ‍ॅलर्जी जडते, मग थेंबभरही पुरतो. पुढे गर भट्टीत वाळवून त्याची तांबडी साल काढायची, ते 'सोलणं'. तोवर टरफल आणि त्यातला चीक मागे राहिलेले असतात.

कोकणात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिमग्याच्या सुमाराला ओले काजूगर काढायला बसणारी प्रत्येक आजी आधी तळव्यांना खोबरेल चोपडते, तरी नंतर बोटांची सालं निघतातच. घरी हे मोसमापुरतं. कारखान्यात बारा महिने, आणि मजुरी किलोवर.

"हाताक काय लायतंस?"

"राख. कधी एरंडेल."

"मोजे?"

"मोजे घातल्यार बी हाताक समजणा नाय, बाईनू. किलो कमी भरतत."

"आणि रातीक?"

"नीज येणा नाय." इतका वेळ भिंतीकडे बघणारी ती आता पहिल्यांदा बाईंकडे बघते. "खाजवन खाजवन जीव जाता. मगे मीठ घालून कढत पाण्यात बुडवन ठेवतंय. तेवढ्यापुरता बरा वाटता."

बाई कपाळाला हात लावतात. कढत पाण्याने खाज दहा मिनिटं थांबते आणि कातडीतला उरलासुरला स्निग्धपणा धुऊन निघतो. जवळजवळ प्रत्येक पेशंट हा उपाय आपला आपण शोधून काढतो म्हणे, आणि सगळ्यांचंच दुखणं त्याने वाढतं.

"बिब्बा उतल्याचं ऐकलंय ना?" आता बाई माझ्याशी बोलतायत, पुण्यात शिकलेल्या भाषेत. "हा काजू उतलाय. बिब्बा, काजू आणि आंबा, तिघे एकाच कुळातले." चरकाने काजू बघितलेला असणं शक्यच नाही, तो पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आला. बिब्बा मात्र चरकाला पुरता ठाऊक आहे. रसायनाच्या अध्यायात त्याने भल्लातकाचे दहा कल्प दिलेत. बिब्ब्याचं औषध करणारे वैद्य आजही तो विटेच्या चुऱ्यात घोळवून त्याचं तेल शोषून घेतात आणि हाताला खोबरेल चोपडल्याशिवाय त्याला शिवत नाहीत. परटांनी कपड्यांवर खुणा करायला वापरलेला बिब्बाही अंगावर उतायचा. तेव्हा बाईंचा हिशेब सरळ आहे: काजूच्या चिकावर ग्रंथात उपाय नसेना का, त्याच्या भावावर आहे. खोबरेल, लोणी, तूप. वर चुलीची धग आणि ऊन टाळायचं.

मला हा हिशेब आवडतो. पोथीत आहे तेवढंच खरं मानणारे वैद्य मी पाहिलेत आणि पोथी न उघडताच तिच्या नावावर काहीही विकणारेही पाहिलेत. ह्या बाई पोथी वाचून पुढे विचार करतात.

त्या तिचे दोन्ही हात उजेडाकडे ओढून घेतात. कुष्ठाचे अठरा प्रकार चरकाने चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेत, सात मोठे आणि अकरा लहान. कुष्ठ म्हणजे इथे नुसता महारोग नव्हे, कातडीचे बरेच हट्टी विकार त्यात येतात. इसबाशी जुळणारी विचर्चिका त्या अकरांतली. गंमत अशी की चरकाची विचर्चिका खाजते आणि पाझरते, सुश्रुताची कोरडी असते, तिला रेघा पडतात आणि ती ठणकते.

"हिचा डावा हात चरकाचा, उजवा सुश्रुताचा," बाई म्हणतात. "एकच मलम दोन्हींना लावलं तर एक हात नक्की बिघडणार."

डाव्या हातासाठी पंचवल्कलांचा काढा येतो. वड, उंबर, पिंपळ, पिंपरी आणि पारिंगा नव्हे, पारसा पिंपळ (हे शेवटचं नाव बाई माझ्या वहीत डोकावून सुधारून घेतात). पाच सालींचा तो तुरट, गडद, पूर्ण गार झालेला काढा. त्यात जुन्या धोतराची पट्टी बुडवून त्या बोटांवर गुंडाळतात. सालींमधला तुरटपणा कातडी आकसवतो, लस ओढून घेतो. पाझरत्या इसबावर तूप-तेल थापायचं नाही, हे त्या तिला तीनदा बजावतात, कारण घरी जाऊन ती तेच करणार याची त्यांना खात्री आहे. पट्टी बांधून तिला मागच्या पडवीत बसवलं जातं.

पडवीत बाईंच्या मदतनीस काकी तांब्याच्या परातीशी बसल्यायत. परातीत तूप. त्यावर गार पाणी ओतायचं, तांब्याच्या भांड्याच्या बुडाने गोल गोल घोटायचं, पाणी गढूळ झालं की काढून टाकायचं, पुन्हा नवं ओतायचं. असं शंभर वेळा. शेजारी चिंचोक्यांची रास आहे. एक पाणी झालं की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे जातो. उजवीकडची रास आता मोठी दिसतेय आणि परातीतलं तूप तूप राहिलेलं नाही. पिवळेपणा गेलाय, वास गेलाय, कण मोडलेत. पांढरंशुभ्र, मऊ, फुगलेलं काहीतरी परातीच्या कडेला चढून बसलंय.

"बघा लावन," काकी म्हणतात आणि नखाएवढं माझ्या मनगटावर ठेवतात. गार लागतं. दोन बोटांनी फिरवलं की मुरतं, तुपासारखं ओघळत नाही. घोटून घोटून पाणी तुपात बारीक थेंबांनी अडकतं. कारखान्यात क्रीम करताना यंत्र जे करतं तेच इथे काकींचा दंड करतो. तांब्याचा किती अंश त्यात उतरतो आणि तो काय करतो, यावर मी बोलणार नाही. कोरड्या, तडकलेल्या कातडीवर स्निग्ध आणि पाणी धरून ठेवणारं काही दिवसातून पाच-सहा वेळा लावलं तर ती मिटायला लागते, एवढं कुठल्याही पॅथीचा त्वचारोगतज्ज्ञ कबूल करेल.

"एक पाणी चुकवलं तर कोणाक कळतला?" मी विचारतो.

"माका कळतला," काकी म्हणतात आणि चिंचोका सरकवतात.

आत गवंडी येऊन बसलाय. मूळचा विजापूरकडचा, इथे बरीच वर्षं झाली, मराठी मालवणीच्या अंगाने बोलतो. त्याच्या हातांच्या पाठीवर, बोटांच्या सांध्यांवर आणि मनगटांवर कातडं जाड, करडं, चिरांचिरांचं झालंय. सिमेंट. त्यातल्या क्रोमियमच्या क्षारांची अ‍ॅलर्जी गवंड्यांना जडते आणि एकदा जडली की सहसा पाठ सोडत नाही. पोटात घ्यायच्या कडू तुपाचा आणि काढ्यांचा त्याचा टप्पा होऊन गेलाय. मनगटावरचा एक डाग काळानिळा, टणक राहिलाय, तिथे आज जळू लावायची. ढगाळ, पावसाळी दिवशी रक्त काढू नये असं जुनं सांगणं आहे, म्हणून तो चार दिवस थांबलाय. आज ऊन पडल्याबरोबर हजर.

काचेच्या बरणीत जळवा आहेत. सुश्रुताने बारा जाती सांगितल्या, सहा विषारी, सहा बिनविषारी. पाणी तिसऱ्या दिवशी बदलायचं आणि भांडं सातव्या, हेही सांगून ठेवलंय. बाई एक जळू काढून हळदीच्या पाण्याच्या वाटीत सोडतात. सुस्त पडलेली ती क्षणात वळवळायला लागते. तिथून साध्या पाण्यात, तिथून ओल्या कापसात धरून मनगटावर. तोंड इकडे तिकडे फिरवते, चिकटत नाही. बाई सुईने कातडीला नुसती टोचतात, रक्ताचा ठिपका येतो. आता मात्र ती तोंड रोवते, मान कमानीसारखी उचलते आणि अंगातून लाट जायला लागते, मागून पुढे, पुढून मागे. बाई तिच्यावर ओलं फडकं टाकतात, तोंड तेवढं उघडं. गवंडी बघत नाही. तो माझ्याशी वाळूच्या भावाबद्दल बोलत राहतो.

अर्ध्या तासाने ती चांगली जाड झालीय. "खुपता," तो म्हणतो, आणि बाई सैंधवाची चिमूट तिच्या तोंडाशी सोडतात. ती गळून पडते. बशीत हळद टाकून तिला ओकायला लावतात. ही जळू आता ह्याच्याच नावाच्या बरणीत जाणार, दुसऱ्या कुणाला लावायची नाही. जखमेतून रक्त झिरपतच राहतं, कारण जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. हळद दाबून घट्ट पट्टी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला, मधुमेह ताब्यात नसणाऱ्याला त्या जळू लावत नाहीत.

"खाज आज रातीक कमी होतली," त्या त्याला सांगतात. "पण उद्या सिमेंटात हात घातलंस तर माझी जळू फुकट गेली."

"घालूचा लागतला, बाईनू."

"मगे आधी मोजे. आतून सुती, वर रबरी. आणि घामान भिजले की सुती बदलूचे."

पुढचे तीन-चार जण भराभर जातात. दहा वर्षांचा पोर, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, घरात आई आणि धाकटी बहीणही रात्री खाजवतायत. ही खरूज. बाई त्याला काढा देत नाहीत, सरकारी दवाखान्यातलं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायला सांगतात आणि चादरी उकळायला. एका म्हाताऱ्याचा हात सुजलाय, पू आहे, अंगात कणकण आहे. त्याच्या मुलाच्या हातात गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नेण्यासाठी चिठ्ठी पडते. आजच, बाजार न करता.

खानावळ चालवणारी एक तरुण बाई फक्त डाव्या हाताची तीन बोटं पुढे करते: अंगठा, तर्जनी, मधलं. टोकं सोललेली, चिरलेली. उजवा हात स्वच्छ. "लसूण," बाई तपासायच्या आधीच म्हणतात. उजव्या हातात सुरी, डाव्या हातात पाकळी. तिने मात्र दुकानातून आरोग्यवर्धिनीची डबी परस्पर आणलीय, बहिणीला गुण आला म्हणून. बाई डबीवरचं बारीक अक्षर तिला मोठ्याने वाचायला लावतात, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे. त्या गोळीत पारा आणि गंधक आहेत, तांबं आहे. योग्य हातात ते मोठं औषध, पण हिचं बाळ अंगावर पितंय. डबी ड्रॉवरमध्ये जाते.

तिच्याच पिशवीत आणखी एक वस्तू निघते. बाजारात मिळालेली, लेबल नसलेली मलमाची डबी. "झाडपाल्याचा आसा," ती म्हणते. "दोन दिसांत गेला, सोडल्यार दुप्पट इला." बाई बोट चोळून वास घेतात, बोटावरची चकचकीत, पातळ झालेली कातडी मला दाखवतात. झाडपाला दोन दिवसांत असं करत नाही, त्यात स्टिरॉइड असणार असा त्यांचा कयास. स्टिरॉइडशी त्यांचं वैर नाही. तीव्र दुखण्यात थोडे दिवस, त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीने, जरूर घ्या म्हणतात. राग आहे तो आयुर्वेदाच्या नावाने ते लपवून विकण्यावर. इथे त्यांचा आवाज पहिल्यांदा चढतो.

पडवीतल्या बाईची पट्टी सुटलीय. बोटांवरची लस थांबल्यासारखी दिसते, लाली आहेच. उजव्या हाताच्या भेगेत काकी पांढरं तूप भरतात. पोटात घ्यायला पंचतिक्त घृत: कडुनिंब, कडू पडवळ, अडुळसा, गुळवेल आणि रिंगणी यांत सिद्ध केलेलं, सकाळी अनशापोटी, वर गरम पाणी. पहिला चमचा इथेच. तिचं तोंड असं होतं की बाकावरच्या दोघी हसतात. पाऊस सरला की विरेचन द्यायचं ठरतं.

मग पथ्य. दही रात्री नाही. लोणचं, पापड, सुका बांगडा नाही. मासे आणि दूध एका जेवणात नाही. शिकरणसुद्धा नाही, केळं आणि दूध हे विरुद्धच.

"सोलकढी चलात मां?" ती घाबरून विचारते. "तीत दूध आसता."

"नारळाचा दूध ता दूध न्हय गो. खा."

तिला हायसं वाटतं ते सगळ्या खोलीला कळतं.

"यातलं नेमकं काय लागू पडतं?" गर्दी ओसरल्यावर मी बाईंसमोर अखेर अट मोडतो. बाई चिडत नाहीत. विचर्चिकेवर आयुर्वेद महाविद्यालयांत एम.डी.चे प्रबंध झालेत, पण बहुतेक थोड्या पेशंटांवरचे, आणि त्यांतला पेशंट उपचाराच्या दिवसांत कामावर जातो की घरी बसतो, हे फारसं कुणी लिहून ठेवत नाही असा त्यांचा अनुभव. "निदान परिवर्जन," त्या म्हणतात, "कारणच टाळणं. पहिला उपचार तो. तूप, काढा, जळू सगळं त्याच्यानंतर. आठ दिवस हात कोरडा आणि चिकापासून लांब राहिला तर माझ्या तुपाला यश येतं. नाही राहिला तर मी काय, खुद्द चरक आला तरी." आणि आठ दिवस घरी बसणं तर त्या बाईला परवडणारं नाही. तेही चवथीच्या तोंडावर.

तशी ती म्हणतेच, "घराक बसान चवथ कशी करू?"

"घराक बस म्हणूक नाय मी." बाई औषधांच्या चिठ्ठीखालचा कोरा कागद फाडतात आणि कारखान्याच्या मुकादमाला चार ओळी लिहितात: हिला पंधरा दिवस कापायला बसवू नये, ग्रेडिंगला बसवावं.

ती कागद वाचते. "ग्रेडिंगाक जागा नाय. थय मुकादमाची भावजय बसता."

बाई कागद परत घेतात, 'ग्रेडिंगला' वर 'किंवा सोलायला' असं लिहितात, खाली सही, शिक्का. "सोलूच्या कामाक पैशे किती कमी?"

ती आकडा सांगते. बाई टेबलावर हिशेब करतात, पंधरा दिवसांचा. तो आकडा औषधाच्या बिलापेक्षा मोठा निघतो. दोघी त्या आकड्याकडे थोडा वेळ बघतात. मग बाई बिलातलं तुपाचं खोडतात, काढ्याचं ठेवतात आणि ती पिशवीतून सुटे पैसे मोजायला लागते, डाव्या हाताची बोटं कशालाही लागू न देता, करंगळीने.

"पुढचो कोण?"

एक पोरगेला ट्रकवाला आत येतो आणि खुर्चीत बसायच्या आधीच उजवा तळवा पुढे करतो. एकच हात, कोरडा, कोंडा धरलेला.

"हात ऱ्हवांदे," बाई म्हणतात. "बूट काढ. पायाची बोटा दाखय आधी."